मांडीवरचे जुने संगणक : त्यांचीं मापें, त्यांची साक्ष व त्यांचें जतन

१. प्रास्ताविक

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत संगणकासारख्या नव्या यंत्राचा विचार कशास, असा आक्षेप कांहीं वाचक घेतील. त्यास उत्तर इतकेंच कीं, यंत्र नवें असलें तरी त्यांतील दप्तर आतां जुनें झालें आहे. इ. स. १९८० ते २००० या वीस वर्षांत असंख्य पत्रें, टिपणें, हिशेब व ग्रंथांचे खर्डे प्रथम या यंत्रांत लिहिले गेले, आणि त्यांपैकीं पुष्कळ कागदावर कधींच उतरले नाहींत. मोडी दप्तराचा रुमाल दोनअडीचशें वर्षें कोरड्या जागीं पडून राहिला तरी सोडून वाचतां येतो. चुंबकीय तबकडीवरील मजकुराची स्थिति तशी नाहीं. तीसचाळीस वर्षांतच तो दगा देऊं लागतो, आणि तो वाचणारें यंत्रहि त्याच सुमारास निकामी होतें.

प्रवासांत बरोबर नेतां येणारे व पुढें मांडीवर ठेवून वापरतां येऊं लागलेले जे संगणक, ज्यांस आतां सर्वत्र लॅपटॉप म्हणतात, त्यांच्या आरंभींच्या पंधरा-वीस वर्षांपुरताच प्रस्तुत लेख आहे. त्यांत तीन प्रश्न विचारांत घेतले आहेत : त्या यंत्रांचीं मापें काय होतीं, तीं मापें अभ्यासकास काय सांगतात, आणि यंत्र व मजकूर हीं दोन्ही राखावयाचीं तर काय करावें. 'मापें' या शब्दांत येथें वजन, किंमत, पडद्यावर मावणारीं अक्षरें, स्मृति, प्रोसेसर व वीजपुरवठा या सर्वांचा समावेश केला आहे.

२. 'पहिला' कोणता ?

'पहिला लॅपटॉप' ही पदवी निरनिराळ्या लेखकांनीं चार-पांच यंत्रांस दिलेली आढळते. हा वाद बहुतांशीं शब्दाच्या अर्थावरून माजलेला आहे. लक्षण आधीं ठरविलें म्हणजे तो बराचसा मिटतो. वहीएवढ्या संगणकाची कल्पना ॲलन के यानें झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनसंस्थेंत असतांना १९७२ सालच्या निबंधांत 'डायनाबुक' या नांवानें मांडली. परंतु तसें यंत्र त्या वेळीं घडलें नाहीं. सप्टेंबर १९७५ मध्यें आयबीएम कंपनीनें '५१००' हा 'सुवाह्य' म्हणून संगणक बाजारांत आणला. त्याचें वजन सुमारें २५ किलो होतें. अशा यंत्रास सुवाह्य म्हणणें म्हणजे पाट्यावरवंट्यास सुवाह्य म्हणण्यासारखेंच आहे. यापुढील चार यंत्रांचा तपशील मात्र नीट पाहण्याजोगा आहे. (एक किलोबाइट म्हणजे १,०२४ रोमन अक्षरांपुरती जागा, हें प्रमाण पुढील वाचनांत ध्यानीं ठेवावें.)

(अ) ऑस्बोर्न १. हें यंत्र एप्रिल १९८१ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर या प्रदर्शनांत पुढें आलें. रचनाकार ली फेल्सेन्स्टाइन. वजन सुमारें ११ किलो. किंमत १,७९५ डॉलर. झेड-८० प्रोसेसर, वेग ४ मेगाहर्ट्झ. स्मृति ६४ किलोबाइट. दोन फ्लॉपी, प्रत्येकीवर सुमारें ९० किलोबाइट मजकूर. पांच इंची पडद्यावर ५२ अक्षरांच्या २४ ओळी मावत. त्याहून लांब ओळ आडवी सरकवून पाहावी लागे. आंत बॅटरी नव्हती. हें शिलाईयंत्राच्या पेटीसारखें बंद करून उचलावयाचें, व मुक्कामास पोंचल्यावर भिंतींतील विजेस जोडावयाचें यंत्र होय. कंपनीनें सप्टेंबर १९८३ मध्यें दिवाळें काढलें.

(आ) एप्सन एचएक्स-२०. जपानी बनावटीचें हें यंत्र १९८१ अखेर जाहीर होऊन १९८२ पासून विक्रीस आलें. आकार कागदाच्या ए-४ तावाएवढा, वजन सुमारें १·६ किलो, स्मृति १६ किलोबाइट. आंत भारित होणारी बॅटरी, लहानसा छापयंत्राचा भाग व सूक्ष्म कॅसेटची सोय. द्रवस्फटिकाच्या पट्टीवर २० अक्षरांच्या अवघ्या ४ ओळी दिसत.

(इ) ग्रिड कंपस ११०१. एप्रिल १९८२. कंपनीचा संस्थापक जॉन एलेन्बी. बाह्यरचना बिल मॉग्रिज या इंग्रज रचनाकाराची. पडदा बिजागरीवर फिरून कीबोर्डावर मिटतो, ही आज सर्वमान्य झालेली घडी प्रथम या यंत्रांत स्पष्टपणें दिसते. मॅग्नेशियम मिश्रधातूचें कवच. इंटेल ८०८६ प्रोसेसर. स्मृति २५६ किलोबाइट. शिवाय वीज गेली तरी टिकणारी 'बबल' जातीची चुंबकीय स्मृति. ३२० × २४० बिंदूंचा स्वयंप्रकाशी पडदा. वजन सुमारें ५ किलो. किंमत ८,१५० डॉलर. बॅटरी यांतहि नव्हती. नोव्हेंबर १९८३ मध्यें कोलंबिया अंतराळयानाच्या एसटीएस-९ या उड्डाणांत या जातीचें यंत्र नेण्यांत आलें.

(ई) टीआरएस-८० मॉडेल १००. १९८३. बनविणारी जपानची क्योसेरा, विकणारी अमेरिकेंतील टँडी. वजन सुमारें १·४ किलो. किंमत ८ किलोबाइट स्मृतीसह ७९९ डॉलर. पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी. चार साध्या पेन्सिल-सेलांवर सुमारें वीस तास काम. आंत टेलिफोनच्या तारेवरून मजकूर धाडणारा मोडेम. हाच सांचा थोड्याफार फरकानें एनईसीनें पीसी-८२०१ व ऑलिव्हेट्टीनें एम-१० या नांवांनीं विकला. एकाच पोथीच्या तीन प्रतींत पाठभेद असावेत तसें हें आहे. संग्रहाची यादी करणारानें तीं तीन स्वतंत्र कुळें समजूं नयेत.

आतां निर्णय सोपा होतो. पूर्ण संगणक बरोबर नेणें एवढेंच लक्षण धरल्यास बाजारांत यशस्वी झालेलें पहिलें यंत्र ऑस्बोर्न. बॅटरीवर चालणें व मांडीवर मावणें हें लक्षण धरल्यास एप्सन. आणि मिटणारी घडी हें लक्षण धरल्यास ग्रिड. 'लॅपटॉप' हा शब्द विक्रीसाठीं आरंभीं वापरणारांत १९८३ सालचा गॅव्हिलान प्रमुख मानतात. हे प्रवाह एकत्र येण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. घडी, बॅटरी, साडेतीन इंची फ्लॉपी व आयबीएमच्या मेजावरील संगणकाशीं मेळ, हीं सर्व सुमारें चार किलोंच्या यंत्रांत तोशिबाच्या टी-११०० नें १९८५ सालीं आणलीं. आणि कीबोर्ड मागें सारून पुढें तळहात टेकण्यास जागा ठेवण्याची रीत ॲपलच्या ऑक्टोबर १९९१ मधील पॉवरबुक यंत्रांनीं रूढ केली.

३. मापांची साक्ष

वरील आंकडे केवळ कौतुकाचे नाहींत. बखरीच्या अभ्यासकास कागद, शाई व वळण पाहावें लागतें, त्याच न्यायानें या यंत्रांवरील मजकुराच्या अभ्यासकास मापें पाहावीं लागतात. एप्सनवर लिहिणारास एका वेळीं ८० अक्षरें दिसत, मॉडेल १०० वर ३२०, ऑस्बोर्नवर १,२४८. म्हणजे पहिल्या दोन यंत्रांवर लेखकाला आपला मागचा परिच्छेदहि सबंध दिसत नसे. अशा यंत्रावरील मजकुरांत पुनरुक्ति आढळली तर ती स्वभावाची कीं साधनाची, हा प्रश्न विचारल्यावांचून निष्कर्ष काढूं नये. उलट, पडदा लहान म्हणून वाक्यें आंखूड झालीं, असेंहि केवळ मापांवरून ठरवितां येणार नाहीं. माप शक्यतेची मर्यादा दाखवितें. घडलें काय तें मजकुरानेंच सिद्ध झालें पाहिजे.

दुसरी साक्ष मजकूर कोठें राहात असे याविषयीं. मॉडेल १०० मध्यें आंत फ्लॉपी नव्हती. लेख यंत्राच्या स्मृतींतच राहात, आणि सेल काढले असतां ती स्मृति एका लहान बॅटरीवर कांहीं दिवस जगे. वार्ताहर मंडळीनें हें यंत्र फार वापरलें. प्रवासांत लिहावें, टेलिफोनवरून कचेरीस धाडावें, व पुढील लेखासाठीं जागा करण्यास मागील पुसावा, असा क्रम या मापांनींच घालून दिला. तेव्हां अशा यंत्रांत जुने मूळ खर्डे सांपडत नाहींत यांत आश्चर्य नाहीं. ते बहुधा धाडलेल्या ठिकाणींच शोधले पाहिजेत.

४. मितीचा एक घोळ

प्रस्तुत लेखकास एका दिवंगत वकिलांच्या घरून एक लॅपटॉप व त्याबरोबरच्या फ्लॉप्यांचा डबा पाहावयास मिळाला. वडिलांनीं शेवटच्या वर्षांत आठवणी लिहिल्या होत्या, त्या यांत आहेत काय, एवढेंच मुलांस जाणून घ्यावयाचें होतें. यादी काढली तों बऱ्याच लेखांवर एकच तारीख : १ जानेवारी १९८०. ही तारीख खरी असणें अशक्य. ज्या डॉस प्रणालींत हे लेख लिहिले ती प्रणालीच ऑगस्ट १९८१ मध्यें प्रथम बाहेर पडली. म्हणजे तिच्या जन्मापूर्वीं दीड वर्ष तिच्यांत कोणी लिहीत होता असें मानावें लागेल!

खुलासा असा कीं, डॉस प्रणाली आपली कालगणना १ जानेवारी १९८० पासून करते. यंत्रांतील घड्याळाची लहान बॅटरी मेली, किंवा घड्याळ नसलेल्या यंत्रानें विचारलेली तारीख न लिहितां मालकानें नुसतेंच बटण दाबलें, कीं प्रत्येक आरंभीं यंत्र त्याच दिवशीं मध्यरात्रीं जागें होतें. ही तारीख म्हणजे मिती नव्हे. मिती नसल्याची ती खूण आहे. तथापि तीहि अगदींच निरुपयोगी नाहीं. तारखेपुढील वेळ यंत्र सुरू केल्यापासूनचा काळ सांगते : ० वाजून ४७ मिनिटें असल्यास लेखक यंत्र लावल्यावर पाऊण तासानें तो लेख राखून ठेवीत होता. फ्लॉपीवरील यादींत नवें नांव पहिल्या मोकळ्या जागीं बसतें, म्हणून मध्यें कांहीं पुसलें गेलें नसेल तर यादीचा क्रम हाच लेखनाचा क्रम होय. आणि मजकुराचा अंतर्गत पुरावा नेहमींप्रमाणें सर्वांत बलवत्तर. एका पत्रांत किल्लारीच्या भूकंपग्रस्तांसाठीं वर्गणी जमविल्याचा उल्लेख आहे. तेव्हां तें पत्र ३० सप्टेंबर १९९३ पूर्वींचें असूं शकत नाहीं.

पुसलेल्या लेखांविषयींहि येथेंच सांगावें. जुन्या पोथींत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावीत. खालचें अक्षर कित्येकदां उजेडांत धरलें असतां दिसतें. डॉस प्रणालींत लेख पुसला म्हणजे त्याच्या नांवाचें पहिलें अक्षर बदलून जागा मोकळी झाल्याची नोंद होते; मजकूर दुसरें कांहीं त्यावर लिहिलें जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणून जुनी फ्लॉपी हातीं आल्यावर तीवर एक अक्षरहि नवें लिहूं नये.

५. क्षयाचीं कारणें

या यंत्रांचा शत्रु बहुधा त्यांच्याच पोटांत असतो. घड्याळाची वा स्मृति जगविणारी निकेल-कॅडमियम बॅटरी कालांतरानें फुटते; तिच्यांतून पाझरणारा क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. न वापरतां कपाटांत जपून ठेवलेलें यंत्र याच कारणानें आधीं मरतें, हें लोकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. १९९० च्या आसपासच्या यंत्रांतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरहि असाच द्रव गाळतात. ॲपलच्या १९८९ सालच्या मॅकिंतॉश पोर्टेबल या सात किलोंच्या यंत्रांत शिशाची बॅटरी असे, व ती मेली असतां भिंतींतील वीज जोडूनहि मूळ यंत्र सुरू होत नसे. तेथें बॅटरी हा जणूं कुलपाचाच भाग होता. पुढील काळांतील लिथियम बॅटऱ्या फुगून कवच फोडतात, व त्यांस आगीचेंहि भय असतें.

पडद्याचा रोग निराळा. द्रवस्फटिकाच्या पडद्यावर प्रकाश गाळणारी जी पातळ पटले असतात, त्यांत सेल्युलोज ॲसिटेट वापरलेलें असे. उष्ण व दमट हवेंत तें कुजून शिरक्याचा वास सुटतो, पडद्यावर डाग व फोड येतात. जुन्या चित्रपटांच्या फितींस होणारा रोग तो हाच. यांखेरीज रबरी पट्टे चिकट होऊन ओघळतात, रबरासारखा मऊ लेप हातास चिकटूं लागतो, बिजागरीजवळचें प्लॅस्टिक ठिसूळ होतें, व पांढुरकें कवच पिवळें पडतें. फ्लॉपीवर दमट हवेंत बुरशी धरते. तशी फ्लॉपी यंत्रांत घातली तर तिचा लेप खरवडला जातो व यंत्राचें वाचणारें टोंकहि मळतें.

६. जतनाची रीत

यावरून संग्राहकानें पुढील क्रम पाळावा असें वाटतें.

पहिलें, यंत्र सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. आधीं बाहेरून-आंतून छायाचित्रें घ्यावींत, तळावरील क्रमांक, लावलेल्या चिठ्ठ्या व मालकाच्या खुणा उतरून घ्याव्यात. दुरुस्तीनंतर हा पुरावा पुन्हां मिळत नाहीं.

दुसरें, बॅटरी काढावी. मात्र मॉडेल १०० सारख्या यंत्रांत मजकूर बॅटरीवरच जगत असल्यामुळें, यंत्र अजून जिवंत असल्यास आधीं मजकूर उतरून घ्यावा. क्षार पसरला असल्यास सौम्य शिरक्यानें तो मारून, शुद्ध पाण्यानें व नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनें तो भाग धुवावा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊं नये. फुगलेल्या लिथियम बॅटरीस स्वतः टोंचूं वा दाबूं नये. ती जाणकाराच्या स्वाधीन करावी.

तिसरें, फ्लॉपीचा प्रथम ठसा घ्यावा. शिलालेखाचें नुसतें वाचन छापणें आणि त्याचा कागदी ठसा घेणें यांत जो भेद, तोच येथें आहे. साध्या यंत्रानें लेखांच्या नकला करणें म्हणजे वाचन. तबकडीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेणारीं साधनें आतां मिळतात. त्यांनीं घेतलेली प्रत म्हणजे ठसा. ऑस्बोर्नच्या किंवा जुन्या मॅकिंतॉशच्या फ्लॉप्या आजचीं साधीं यंत्रें ओळखतच नाहींत. ठसा मात्र घेतां येतो, व त्याचें वाचन पुढें सावकाश करतां येतें.

चौथें, सुधारणेंत संयम ठेवावा. पिवळें कवच हायड्रोजन पेरॉक्साइडनें पांढरें करण्याची रीत हौशी लोकांत फार आहे. शिवराई चिंचेनें घासून लखलखीत करणाराचें कृत्य नाणकशास्त्रज्ञास जसें वाटतें, तसेंच हें वाटावें. एकाद्या यंत्राच्या पन्नास प्रती उपलब्ध असतील तर एक उजळण्यास हरकत नाहीं. ज्ञात मालकाचें यंत्र मात्र जसें आलें तसेंच राखावें. जें बदललें त्याची नोंद करावी व काढलेला भाग चिठ्ठी लावून ठेवावा. केवळ पाझरलेल्या बॅटऱ्या त्यास अपवाद.

पांचवें, यंत्र व मजकूर दोन्ही राखावेत. अटलांटा येथील एमरी विद्यापीठानें सलमान रश्दी यांच्या कागदांबरोबर त्यांचे संगणकहि घेतले, त्यांत लॅपटॉप होते. २०१० सालीं तो संग्रह खुला झाला तेव्हां त्यांपैकीं एका संगणकाचें वातावरण नव्या यंत्रावर जसेंच्या तसें उभें करून अभ्यासकांस दाखविण्याची सोय करण्यांत आली. लेखक आपले लेख कोणत्या नांवांनीं, कोणत्या घडीत ठेवीत असे तें यामुळें दिसतें. रुमालाच्या गांठींवरून व वरच्या चिठ्ठीवरून कारकुनाची पद्धत कळते, तोच हा प्रकार.

७. देवनागरी मजकुराची विशेष अडचण

आपल्या भाषेपुरती एक अडचण अधिक आहे. देवनागरीसाठीं आयएससीआयआय हें भारतीय मानक १९९१ सालीं ठरलें, व युनिकोडच्या त्याच वर्षींच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें. परंतु त्यानंतरहि कित्येक वर्षें मराठी लेखन प्रत्यक्षांत श्रीलिपि, आकृति यांसारख्या अक्षरसंचांनीं चाले. या संचांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागीं बसविलेले असत, व प्रत्येक संचाची वांटणी निराळी. तो अक्षरसंच यंत्रावर नसेल तर उत्तम मराठी मजकूर निरर्थक रोमन अक्षरांची रास म्हणून दिसतो. मजकूर एक अक्षरहि झडलेला नसतो. हरवलेली असते ती किल्ली. मोडी न येणारास पेशवे दफ्तर जसें, तसा तो. म्हणून जुन्या लॅपटॉपमधील मजकूर काढतांना त्याच यंत्रांतील अक्षरसंच व लेखनाची प्रणालीहि काढून घ्यावी, आणि मजकूर निरर्थक दिसतो म्हणून तो कदापि पुसूं नये.

वर सांगितलेल्या वकिलांच्या आठवणी अशाच राशींत होत्या. लॅपटॉपमधून त्यांचा अक्षरसंच मिळाला, व आरंभींचीं आणि शेवटचीं प्रकरणें वाचतां आलीं. मधला भाग ज्या फ्लॉपीवर होता तीवर बुरशी होती. घरांतील कोणींतरी ती उत्साहानें तीन-चार वेळां यंत्रांत घालून पाहिली होती, व तबकडीवर वर्तुळाकार ओरखडे उठले होते. तेवढा भाग गेला.

८. उपसंहार

राजवाडे यांच्या पिढीनें गांवोगांव हिंडून, वाण्याच्या दुकानीं पुड्यांस जाणारे कागद सोडविले. त्या कागदांस निदान वाण्याच्या हातून सुटण्याइतका अवधि मिळाला होता. घरोघरच्या माळ्यांवर पडलेल्या या यंत्रांस तितका अवधि नाहीं. बॅटरी पाझरण्यास कोणाच्या अज्ञानाचीहि गरज लागत नाहीं. नामांकित यंत्रांच्या प्रती परदेशांतील संग्रहालयांत आहेत. कॅलिफोर्नियांतील कॉम्प्युटर हिस्टरी म्यूझियम यंत्रांचा इतिहास राखील, ग्रिड कंपसची प्रत न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्यें सुरक्षित आहे. परंतु महाराष्ट्रांतील शिक्षक, वकील, संपादक व कार्यकर्ते यांनीं आपल्या यंत्रांत काय लिहून ठेवलें, तें राखण्यास दुसरें कोणी येणार नाहीं. ज्यांच्या घरीं असें यंत्र असेल त्यांनीं तें सुरू न करतां त्याची व फ्लॉप्यांची यादी करावी, बॅटरीची स्थिति पाहावी, व जाणत्या माणसास दाखवावें, एवढीच विनंती आहे.